हातोडा, सांडशी आणि ग्रीक अक्षरं: इंजिनीअरिंग फ्रॅटर्निटी आल्या कुठून

अमेरिकेतल्या मोठ्या युनिव्हर्सिटीत सेमिस्टर सुरू झालं की कॅम्पसवर टेबलं मांडली जातात, सीनियर्सच्या टी-शर्टवर ग्रीक अक्षरं असतात, आणि इंजिनीअरिंगच्या बिल्डिंगपाशी थीटा टाउ वगैरे नावाच्या संघटनांचे लोक फर्स्ट इयरच्या पोरापोरींना थांबवून सांगतात की इन्फो सेशनला या. मग पोरगं घरी फोनवर सांगतं की मी फ्रॅटर्निटी (म्हणजे ही ग्रीक अक्षरांची विद्यार्थी संघटना) जॉइन करतोय आणि इकडे आई-बाबांच्या पोटात गोळा येतो, कारण फ्रॅटर्निटी म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी ठाऊक असतात, दारूच्या पार्ट्या आणि रॅगिंग. ती भीती उगाच नाहीये, त्यावर खाली येतोच. पण या संघटना का निघाल्या ते कुणी सांगत नाही आणि माझ्या मते तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आधी एक गोंधळ मिटवू. ग्रीक अक्षरं लावणाऱ्या संघटना ढोबळमानाने तीन प्रकारच्या. सोशल म्हणजे एकत्र घरात राहणं, पार्ट्या, मैत्री. ऑनर सोसायटी म्हणजे मार्कांवर निवड, मान मिळतो, रोजचा संबंध फारसा नसतो. आणि प्रोफेशनल म्हणजे एकाच पेशाकडे जाणाऱ्यांची, इंजिनीअर, वकील, फार्मसी वगैरे. आपण बोलतोय ते तिसऱ्याबद्दल, पण या तिघांची मुळं एकमेकांत अडकलेली आहेत.

ग्रीक अक्षरांची सुरुवात १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा कापापासून झाली. १८२५ ला न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात कापा आल्फा सोसायटी निघाली आणि तिथून या संघटना भराभर पसरल्या. त्या काळी कॉलेजात शिकणं म्हणजे लॅटिन, ग्रीक, तत्त्वज्ञान. जो ते शिकतो तोच खरा विद्यार्थी, बाकीचे कारागीर, अशी सरळ समजूत होती. येल युनिव्हर्सिटीचं शेफील्ड सायंटिफिक स्कूल घ्या, तिथं सायन्स आणि इंजिनीअरिंग शिकणाऱ्या पोरांना चॅपलमध्ये प्रार्थनेलासुद्धा मुख्य कॉलेजच्या विद्यार्थ्यांसोबत बसू देत नसत. कॅम्पस एकच, पण देवासमोरही रांगा वेगळ्या. आपल्याला पंगतीतला भेद सांगावा लागत नाही, त्यामुळे ही गोष्ट मराठी माणसाला पटकन कळेल.

मग १८६२ साल येतं. तिकडे यादवी युद्ध चालू आणि लिंकननी मॉरिल कायद्यावर सही केली, ज्याने राज्यांना सरकारी जमीन मिळाली आणि ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी करायची असं ठरलं. इलिनॉय, पर्ड्यू, मिनेसोटा, एमआयटी या सगळ्यांना या कायद्याचा आधार मिळाला. शेतकऱ्याची, कामगाराची पोरं कॉलेजात यायला लागली, नकाशे काढायला, खाणी मोजायला, पूल बांधायला शिकली. १८६४ मध्ये, युद्ध अजून संपलेलं नसताना, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी रेन्सेलर पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी थीटा झाय काढली आणि बरेच लोक तिलाच पहिली प्रोफेशनल फ्रॅटर्निटी मानतात, पुढे विसाव्या शतकात ती सगळ्या शाखांसाठीची सोशल झाली ती गोष्ट वेगळी.

मार्कांच्या बाबतीतही तेच. फाय बीटा कापा ही ऑनर सोसायटी इंजिनीअरिंगच्या हुशार पोरांना घेत नव्हती, म्हणून १८८५ ला पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय युनिव्हर्सिटीत एडवर्ड विल्यम्स या मायनिंगच्या प्राध्यापकांनी टाउ बीटा पाय ही इंजिनीअर्सची स्वतःची ऑनर सोसायटी सुरू केली. आता गंमत नाही, वाईट वाटावं असं पुढचं ऐका. ज्या सोसायटीचा जन्मच आपल्याला बाहेर ठेवलं या भावनेतून झाला, तिनं बायकांना सदस्यत्व दिलं ते १९६९ मध्ये. त्याआधी १९३६ पासून काय व्हायचं, तर पोरीचे मार्क निकषात बसत असले तर तिला एक विमेन्स बॅज द्यायचे. बॅज लाव, सदस्य मात्र तू नाहीस. तीसहून जास्त वर्षं हे चाललं. त्या पोरींनी तो बॅज ड्रेसला लावताना काय विचार केला असेल हे माझ्या डोक्यातून जात नाही.

थीटा टाउ त्यामानानं साधी सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९०४, मिनिआपोलिस, युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटा, चार विद्यार्थी: श्रेडर, व्हायनल, लुईस आणि हँक्स. पहिलं नाव सोसायटी ऑफ हॅमर अँड टाँग्ज, म्हणजे हातोडा आणि सांडशी, आणि ती दोन्ही अवजारं आजही त्यांच्या चिन्हात आहेत. ग्रीक नाव १९११ ला आलं. मिनेसोटा का, तर मेसाबी डोंगररांगेतलं लोखंड तेव्हा तुफान निघत होतं आणि मायनिंग इंजिनीअरला मागणी होती. दुसरा चॅप्टर (म्हणजे एखाद्या कॉलेजातली शाखा) मिशिगनमधल्या हॉटन गावी, तिसरा कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सला, दोन्ही खाणकामाची कॉलेजं. कॉलेज संपलं की कुठल्यातरी आडगावच्या खाणीवर पोस्टिंग, ओळखीचं कुणी नाही, अशा माणसाला त्याच संघटनेचा एखादा जुना इंजिनीअर भेटला तर किती आधार असेल. आज ज्याला सगळे नेटवर्किंग म्हणतात ते तेव्हा पोटापाण्याचं आणि जिवाचं काम होतं. पुढे बाकीच्या शाखांची पोरंही आली.

त्यानंतर रांगच लागली. १९०७ ला इलिनॉयमध्ये सिव्हिलच्या सोळा विद्यार्थ्यांनी ट्रायँगल काढली (ही सोशल, पण फक्त इंजिनीअर आणि तत्सम लोकांची, आणि नावात ग्रीक अक्षर नाही), १९२३ ला आयोवात इलेक्ट्रिकलवाल्यांची कापा ईटा कापा, १९२४ ला लॉस एंजेलिसमध्ये सिग्मा फाय डेल्टा.

प्रोफेशनल फ्रॅटर्निटींचं दार बायकांसाठी उघडलं ते कायद्यानं. १९७२ चा टायटल नाइन आला, शिक्षणात स्त्री-पुरुष भेद चालणार नाही. दोन वर्षांनी सोशल फ्रॅटर्निटींना त्यातून सूट मिळाली, प्रोफेशनलना नाही मिळाली, कारण जिथून नोकरीच्या वाटा निघतात तिथून मुलींना वगळून चालणार नव्हतं. म्हणून आज थीटा टाउत मुली सर्रास असतात. पण मुलींनी तेवढ्यावर भागवलं नाही. १९८३ ला मिलवॉकीच्या मार्केट (Marquette) युनिव्हर्सिटीत आल्फा ओमेगा एप्सिलॉन निघाली आणि १९८४ ला पर्ड्यूत फाय सिग्मा ऱ्हो, जिच्या दोन संस्थापिका म्हणजे रश्मी खन्ना आणि अॅबी मॅकडॉनल्ड. कारण अगदी साधं होतं, इंजिनीअरिंगचं वेळापत्रक इतकं भरगच्च की नेहमीच्या सोरोरिटीच्या (मुलींच्या फ्रॅटर्निटीच्या) भरतीच्या कार्यक्रमांना त्यांना जाताच येत नव्हतं, तर त्यांनी लॅब आणि असाइनमेंट सांभाळून चालेल अशी स्वतःचीच काढली. मॉरिल कायद्यातून उभ्या राहिलेल्या कॉलेजात एका भारतीय नावाच्या मुलीनं हे करावं याचा मला मनापासून आनंद होतो.

आपला संबंध तर त्याहून जुना आहे. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ सालीच एमआयटीत शिकायला गेले होते, आणि १८८४ मध्ये पुण्याच्या मराठा पत्रात एमआयटीबद्दल लिहून आलं की असं काही आपल्याकडे हवं. म्हणजे थीटा टाउ निघायच्या वीस वर्षं आधी पुण्यात अमेरिकन इंजिनीअरिंग शिक्षणाची चर्चा होती. आपल्याकडे मात्र अशा फ्रॅटर्निटी रुजल्या नाहीत. मला वाटतं कारण सीओईपी (१८५४ पासूनचं) किंवा व्हीजेटीआय ही आधीपासून वेगळी कॉलेजं, शेजारच्या वर्गात लॅटिन शिकणारा आणि तुम्हाला कमी लेखणारा कुणी नव्हताच. आपलेपणा हॉस्टेलनं दिला, आता रोबोकॉन (रोबोट) आणि बाहा (ऑफ-रोड गाडी) स्पर्धांच्या टीम देतात.

आता ती भीती. एप्रिल २०१८ मध्ये सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीच्या थीटा टाउ चॅप्टरचे व्हिडिओ बाहेर आले, काळ्या लोकांबद्दल, ज्यूंबद्दल, अपंगांबद्दल अतिशय घाणेरडं बोलणं, आणि युनिव्हर्सिटीनं तो चॅप्टर कायमचा हाकलला. हे आतल्या कार्यक्रमात चाललं होतं, नवीन पोरांसमोर. त्यामुळे राष्ट्रीय संघटनेचं नाव मोठं आहे म्हणून चॅप्टर चांगला असं धरू नका, प्रत्येक चॅप्टर वेगळा असतो.

जॉइन करायचं असेल तर क्रम साधारण असा: रश म्हणजे भेटीगाठी आणि इंटरव्ह्यू, मग बिड म्हणजे बोलावणं, मग काही आठवडे प्लेज म्हणजे उमेदवार म्हणून, त्यात संघटनेचा इतिहास शिकायचा, एखादा प्रोजेक्ट किंवा समाजकार्य, आणि शेवटी इनिशिएशन म्हणजे रीतसर सदस्य होणं. बहुतेक चॅप्टर अंडरग्रॅडच्या जिवावर चालतात, एमएसवाल्यांनी आधी विचारून घ्यावं. दर सेमिस्टरची फी किती ते लेखी मागा. प्लेज असताना रात्री-अपरात्री काय करावं लागतं हे गेल्या वर्षी आलेल्या पोरापोरींना एकेकटं गाठून विचारा, सीनियर शेजारी उभा असताना नको. आणि त्या टेबलामागे कोण कोण उभं आहे, कोण अजिबात दिसत नाही, तेही बघून घ्या.