छोट्या विमानाच्या पोटात अटलांटिक ओलांडायचं इंधन

मुंबई-दिल्लीला आपण ज्या टाईपच्या विमानात बसतो ना, मधे एकच आयल (चालायची वाट) आणि दोन्हीकडे तीन-तीन सीट, त्याच जातीचं विमान 14 नोव्हेंबर 2024 ला माद्रिदहून निघालं आणि मधे कुठेही न थांबता थेट बॉस्टनला उतरलं, साधारण साडेपाच हजार किमी. विमान एअरबसचं ए321एक्सएलआर, कंपनी स्पेनची आयबेरिया, सीट फक्त 182.

आता एकच आयल असलेलं विमान अटलांटिकवर काही पहिल्यांदा आलेलं नाही. 1958 मध्ये पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीचं बोइंग 707 न्यूयॉर्कहून पॅरिसला गेलं तेव्हा त्यालाही एकच आयल होती, पण इंजिनं चार, आणि इंधन भरायला कॅनडात गँडरला थांबावं लागलं. पुढे जम्बो आलं, मग 1985 पासून दोन इंजिनांच्या विमानांना समुद्रावर किनाऱ्यापासून जास्त लांब जायची परवानगी मिळत गेली, आणि बोइंग 757 नावाचं एक लांबुळकं, दणकट विमान छोट्या रूटवर अटलांटिक पार करायला लागलं. बोइंगने ते बनवणं 2004 मध्ये बंद केलं आणि त्याच्या जागी तसलं दुसरं काही आणलंच नाही. ही रिकामी जागा एअरबसने बरोबर हेरली. अमेरिकेच्या युनायटेडने 2019 मध्ये 50 एक्सएलआरची ऑर्डर दिली ती मुख्यतः म्हाताऱ्या होत चाललेल्या 757 च्या जागीच.

पण साध्या ए321 ला एवढं लांब न्यायचं कसं? इथे खरी इंजिनिअरिंगची गंमत आहे. इंधन मुख्यतः पंखांत असतं आणि पंख काही मनासारखे मोठे करता येत नाहीत. मग उरतं विमानाचं पोट, म्हणजे जिथे आपल्या बॅगा जातात ती जागा. आधी तिथे वेगळ्या टाक्या बसवायचे, एकेकीत साधारण 3,100 लिटर. पण गोल पोटात चौकोनी टाकी ठेवली की ते डब्यात डबा ठेवल्यासारखं होतं, कडेची जागा वाया, भिंती दुहेरी आणि वजन फुकटचं. एक्सएलआरमध्ये चाकांच्या कप्प्यामागे विमानाच्या बाहेरच्या पत्र्यालाच टाकीची भिंत केलंय, म्हणून एकाच टाकीत 12,900 लिटर मावतं.

याची किंमतही आहे. या टाकीच्या बरोब्बर वर प्रवासी बसलेले असतात. चाकं न उघडता विमान पोटावर घासत उतरलं तर काय, किंवा बाहेर आग लागली तर लोकांना बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळेल का, हे प्रश्न युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने लावून धरले आणि एअरबसला टाकीभोवतीचं संरक्षण वाढवावं लागलं. वजन वाढलं, उशीरही झाला, सर्टिफिकेट मिळालं जुलै 2024 मध्ये. मला विचाराल तर हा उशीर अगदी योग्य होता. बाकी बदलही बरेच आहेत, उड्डाणाचं कमाल वजन 101 टन, त्यासाठी चाकांचे पाय जास्त मजबूत, पिण्याच्या पाण्याची आणि टॉयलेटची टाकी मोठी, कारण आठ-नऊ तासांचा प्रवास आहे.

एअरबस सांगते की हे 8,700 किमी जाऊ शकतं, पण तो आकडा वारा नसताना. अटलांटिकवर उंचावर जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर फारच जोरात, त्यामुळे युरोपहून अमेरिकेला जाताना विमान सतत समोरच्या वाऱ्याशी भांडत असतं आणि तेवढंच अंतर कापायला जास्त वेळ, जास्त इंधन लागतं. 2011-12 च्या हिवाळ्यात युनायटेडच्या 757 विमानांना अमेरिकेला परतताना कितीतरी वेळा कॅनडात उतरून इंधन भरावं लागलं होतं. म्हणून एक्सएलआरचा जास्तीचा पल्ला हा खरं तर वाऱ्यासाठी राखलेला साठा समजावा.

आता पैशाचं गणित. माद्रिद-बॉस्टनसारख्या रूटवर हिवाळ्यात पावणेतीनशे-तीनशे सीटचं मोठं विमान भरत नाही, अर्धं रिकामं नेलं तरी इंधन, पायलट, लँडिंगचा खर्च जवळपास तोच. 182 सीट भरणं सोपं. त्यामुळे ज्या दोन शहरांना जोडणारी थेट फ्लाईट कधी परवडलीच नसती तिथे ती सुरू होऊ शकते. आयर्लंडच्या एअर लिंगसने 2025 मध्ये डब्लिनहून नॅशव्हिल आणि इंडियानापोलिसला याच विमानाने सेवा सुरू केली, आणि डब्लिनला अमेरिकेचं इमिग्रेशन निघतानाच उरकतं त्यामुळे पलीकडे उतरल्यावर रांग नाही. माझ्या मते अटलांटिकचं भविष्य हे असं आहे, लंडन-न्यूयॉर्कवर मोठी विमानं राहणारच, कारण लंडनच्या हीथ्रोला उतरायचा स्लॉट, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, इतका दुर्मिळ की तो छोट्या विमानावर घालवणं बहुतेक कंपन्यांना परवडत नाही, पण मधल्या शहरांना मोठ्या हबची, म्हणजे जिथे विमान बदलावं लागतं अशा एअरपोर्टची, गरज कमी होत जाईल. अर्थात पोटात टाकी आली म्हणजे मालाची जागा गेली, आणि मोठ्या विमानाला मालवाहतुकीतून जे पैसे मिळतात ते इथे फारसे नाहीत.

प्रवाशाचं काय? तिकीट स्वस्त होईलच असं मी म्हणणार नाही. आयल एकच, त्यामुळे जेवणाची ट्रॉली आली की टॉयलेटला जाणारा अडकतो, आणि आठ तासांत हे बऱ्याचदा होतं. पण एक विमान बदलायचं वाचलं, मधल्या एअरपोर्टवरचे तीन-चार तास वाचले, तर लहान मूल किंवा म्हातारे आईवडील सोबत असलेला माणूस तेवढं नक्की सहन करेल.

आपल्याकडे इंडिगोनेही एक्सएलआरची ऑर्डर दिलेली आहे आणि मुंबई-अथेन्ससाठी ते वापरायचं जाहीर केलं, अंतर पाच हजार किमीच्या आसपास. मुंबई-न्यूयॉर्क मात्र साडेबारा हजार किमी, ते या विमानाच्या आवाक्यात नाही, तिथे दोन आयलवालं मोठं विमानच लागणार.