जड मल्टिटूल रोज जवळ बाळगावे का? ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मल्टिटूल घेण्यासाठी आमच्या दुकानात येणारे बहुतेक ग्राहक काचेच्या कपाटातील सर्वांत मोठ्या हत्याराकडे बोट दाखवतात. दणकट पक्कड, धारदार सुरी, करवत, कानस, कात्री आणि स्क्रू ड्रायव्हर असे सगळे एका मुठीत मावत असल्यामुळे मोह पडणे साहजिक आहे. मोठे हत्यार विकले गेले तर फायदा आमचाच आहे. तरीही पैसे देण्यापूर्वी ग्राहकाने हे पत्रक वाचावे अशी आमची विनंती आहे, कारण हौसेने घेतलेले हत्यार महिन्याभरात घरच्या खणात जाऊन पडल्याचे आम्ही पुष्कळदा ऐकतो, आणि त्यात दोष बहुधा हत्याराचा नसतो, तर ते रोज अंगावर वागवण्याच्या हिशेबाचा असतो.

तेव्हा आधी वजनाचे पाहू. लेदरमन कंपनीच्या ‘सर्ज’ या जड मल्टिटूलचे वजन सुमारे ३५५ ग्रॅम असून बंद केल्यावर त्याची लांबी साडेअकरा सेंटिमीटर भरते. त्याच कंपनीचे ‘वेव्ह प्लस’ सुमारे २४१ ग्रॅमचे आणि दहा सेंटिमीटर लांबीचे आहे. कागदावर हा फरक शंभर-सव्वाशे ग्रॅमचा दिसतो, पण गोव्याच्या उकाड्यात आपण जी पातळ सुती पँट घालतो तिच्या खिशात तो लगेच कळतो. खिसा एका बाजूला ओघळतो, अस्तर शिवणीपाशी उसवते, आणि स्कूटरवर बसताना हत्याराचे टोक नेमके जांघेत रुतते. पट्ट्याला म्यान लावून हत्यार कमरेवर ठेवल्यास हा त्रास बराच कमी होतो, मात्र बसच्या गर्दीत ते शेजाऱ्याला लागते आणि हात असलेल्या खुर्चीत बसताना दर वेळी अडकते. कामाच्या कपड्यांवर म्यान शोभते. लग्नाला किंवा बँकेत जाताना ते काढून ठेवावे लागते, आणि नेमके त्याच दिवशी हत्याराची गरज पडते.

जड हत्यार घेण्याला सबळ कारणेही आहेत. लांब दांड्यांमुळे पक्कडीला तरफेचे बळ जास्त मिळते, त्यामुळे गंजून बसलेली पिन किंवा घट्ट आवळलेली तार कमी जोरात सुटते. पक्कडीचा जबडा रुंद असल्यामुळे मोठ्या वस्तूवरही पकड बसते. तार कापण्याच्या पात्या झिजल्या तर वर सांगितलेल्या दोन्ही नमुन्यांत त्या बदलता येतात. सुरी उघडल्यावर खटक्याने पक्की बसते, म्हणजे काम करताना ती बोटांवर मिटण्याची भीती कमी असते. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी स्टुलावर चढून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगायची चौकट, बांधणाऱ्याला विचारून पाहावे: एका हाताने नारळांचा घड सावरायचा, दुसऱ्या हाताने तार वळवून तोडायची, मग फळाचा देठ कापायचा. अशा वेळी खाली उतरून तीन हत्यारे शोधण्यापेक्षा कमरेला असलेले एक हत्यार खरोखर उपयोगी पडते. होडीच्या पंख्यात नायलॉनचे जाळे गुंतले तर दातेरी पाते जे काम करते, ते साध्या सुरीला लवकर साधत नाही.

मुळात हे हत्यार अशाच अडचणीतून जन्माला आले. टिम लेदरमन हा अमेरिकन तरुण १९७५ साली पत्नीसह जुन्या फियाट गाडीतून युरोपभर फिरत होता. खिशात चाकू होता, पण नादुरुस्त होणाऱ्या गाडीला आणि हॉटेलांतील गळक्या नळांना पक्कड लागत होती. त्यातून त्याने पक्कड असलेला चाकू तयार करायला घेतला आणि आपले पहिले मल्टिटूल १९८३ साली बाजारात आणले. हत्यारांची पेटी जवळ नसेल तेव्हाची ही सोय आहे. पेटी हाताशी असताना मल्टिटूलने काम करू नये, असे आम्ही मल्टिटूल विकत असूनही सांगतो. नट पक्कडीने धरून त्याच वेळी बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा झाल्यास दोन हत्यारे लागतात, आणि मल्टिटूल एका वेळी एकच असते. खोल भोकात बसलेल्या स्क्रूपर्यंत त्याची जाड मूठ पोहोचत नाही. स्प्रिंगची कडक तार कापली तर पातीला खाच पडते.

विजेच्या कामाबाबत आमचे म्हणणे स्पष्ट आहे. या हत्यारांच्या दांड्या उघड्या धातूच्या असतात आणि घरातील वीज २३० व्होल्टची असते. चालू लाइनवर मल्टिटूल लावू नये. अशा कामासाठी १,००० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी प्रमाणित केलेली, आवरण असलेली पक्कड वेगळी मिळते, तीच घ्यावी.

गोव्यात राहणाऱ्याने गंजाचा विचार जरा जास्तच करावा. स्टेनलेस पोलाद गंजत नाही असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्यातील क्रोमियममुळे पृष्ठभागावर जो अतिशय पातळ थर तयार होतो तोच पोलादाचे रक्षण करतो, आणि खाऱ्या हवेतील क्लोराइड नेमका तो थर ठिकठिकाणी भेदते. मग सुईच्या टोकाएवढे तांबूस ठिपके दिसू लागतात, तेही बहुधा बिजागरीच्या आत, जिथे कापड पोहोचत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात खोक्यात पडून राहिलेली हत्यारे ऑगस्टमध्ये आमच्याकडे येतात, तेव्हा काहींची पक्कड दोन्ही हातांनीही उघडत नाही. आमच्याच दुकानातील नमुन्याचे एक हत्यार एका पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात राहून गेले होते. म्यानावर हिरवट बुरशी चढली आणि आतल्या सुरीवर म्यानाच्या शिवणीचा माग गंजाने उमटला. तेव्हापासून आम्ही नायलॉनचे म्यान सुचवतो. समुद्रावर वापरलेले हत्यार गोड्या पाण्याने धुवावे, उघडे ठेवून पूर्ण वाळवावे आणि प्रत्येक बिजागरीत मशीन तेलाचा एकेक थेंब सोडावा. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल तेल लावू नये. ते खवट होते आणि धूळ धरून ठेवते.

कायद्याविषयीही विचारणा होते. शस्त्र नियमांच्या सूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती, शेती वा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. मल्टिटूलचे पाते जेमतेम तीन इंचांचे असते. तरीही जमावबंदीचा आदेश लागू असताना किंवा झडती होते अशा ठिकाणी जाताना ते घरी ठेवणे शहाणपणाचे आहे. दाबोळीचा विमानतळ असो वा मोपाचा, विमानात केबिन बॅगेतून ते नेता येत नाही. चेक-इन सामानात घालावे. रोजच्या सवयीने खिशात राहिलेले महाग हत्यार सुरक्षा तपासणीत सोडून द्यावे लागल्याची हळहळ आम्ही ऐकली आहे.

आमचा सल्ला असा आहे. ट्रॉलरवर, बागायतीत किंवा हॉटेलच्या देखभाल विभागात दिवसभर हाताने काम करणाऱ्यांनी जड मल्टिटूल जरूर घ्यावे आणि कमरेलाच ठेवावे. कचेरीत बसणाऱ्यांनी जड हत्यार गाडीच्या डिकीत ठेवून खिशात शंभर ग्रॅमच्या आतले छोटे ठेवावे. बाटलीचे झाकण, सैल झालेला स्क्रू आणि पार्सलची दोरी एवढ्यासाठी ते पुरते. निर्णय होत नसेल तर रोजची पँट आणि पट्टा घालून दुकानात यावे. हत्यार खिशात घालून आपल्या स्कूटरवर दहा मिनिटे बसून पाहण्यास आमची हरकत नाही; खरेदीचे त्यानंतर ठरवावे.