कापणं म्हणजे पचवणं नव्हे

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कुणाची दाढ काढली की केमिस्टकडून सेरॅटिओपेप्टिडेज या सूज उतरवायच्या गोळ्यांची पट्टी येते आणि तिच्यासोबत ठरलेलं वाक्य: "एन्झाइम आहे, सुजेतली प्रथिनं खाऊन टाकतं. मटणाला कच्ची पपई लावतो ना, तसंच." इथे माझं डोकं सटकतं.

पोटातली मंडळी तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहेत. जठरात पेप्सिन, लहान आतड्यात ट्रिप्सिन. समोर येईल त्या प्रथिनाचे तुकडे करायचे. पपईतलं पपेन त्याच पंथाचं. झालं.

प्रतिकारशक्तीतली कात्री वेगळी. कॅस्पेज-१ हे एन्झाइम घ्या. ताप आणि दाह वाढवणारं इंटरल्युकिन-१ बीटा पेशीत आधी निकामी रूपात बनतं, २६९ अमिनो आम्लांची साखळी. कॅस्पेज-१ तिच्यावर ११६व्या अमिनो आम्लानंतर घाव घालतं आणि उरलेला १५३ अमिनो आम्लांचा तुकडा कामाला लागतो. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापला म्हणून दूध नाहीसं होतं का? उलट तेव्हाच ते बाहेर येतं. बाहेर यायची वाटही कापूनच होते. गॅसडर्मिन-डी नावाच्या प्रथिनाचा मागचा भाग पुढच्याला दाबून धरतो. कॅस्पेज-१ने मधोमध कापलं की पुढचा भाग सुटतो आणि पेशीच्या पडद्याला भोकं पाडतो. हे २०१५ साली उलगडलं. म्हणजे इथे कापल्यामुळे दाह भडकतो. कुठलं प्रथिन, कुठल्या जागी, एवढंच विचारायचं असतं.

"पोटातली ती चावणारी, रक्तातली ती चालू करणारी" अशी वाटणीही करू नका. ट्रिप्सिन स्वतःच आधी ट्रिप्सिनोजेन असतं, त्याचा छोटा तुकडा कापल्यावर जागं होतं. आतड्याऐवजी स्वादुपिंडातच जागं झालं तर तिथेच दाह. उलट न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधलं इलास्टेज हे एन्झाइम चक्क चावतं, फुप्फुसाच्या लवचिक तंतूंनाही. त्याला आवरणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाचं नाव मात्र अल्फा-१ अँटिट्रिप्सिन! या नावाने जेवढा गोंधळ घातलाय तेवढा कुणी घातला नसेल.

आणि ती गोळी? चाचणीत बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाही म्हणून जपानमध्ये २०११ साली बाजारातून काढली. शेजारच्या काकांना लिफ्टमध्ये हे सांगितलं. "पण माझी सूज उतरली ना चौथ्या दिवशी!" चौथ्या दिवशी दाढेची सूज तशीही उतरायला लागते, काका.