मोटरहोमचा जनरेटर: उभा राहिला की बिघडतो

मोटरहोममधले, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतले, जे जनरेटर आमच्याकडे दुरुस्तीला येतात ते चालून चालून झिजलेले क्वचितच असतात. बहुतेक सगळे महिनोन्‌महिने नुसते उभे राहून बिघडलेले असतात. मालक मनापासून सांगतात, "अहो, फक्त ८० तास चाललाय, नवाच आहे की!" पण ते ८० तास ६ वर्षांत चाललेले असतात आणि खरी अडचण तिथेच असते. म्हणून हे पत्रक. यातले निम्मे काम तुमचे तुम्हालाच करता येईल आणि ते तुम्ही करावे अशी आमची इच्छा आहे.

पेट्रोल शिळे होते

टाकीतले पेट्रोल महिन्याभरानंतर उतरायला लागते. त्यातले हलके घटक उडून जातात आणि उरलेल्याचा हळूहळू चिकटा होतो. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावाही ओढून घेते. मोठ्या टाकीत हे सावकाश घडते, पण कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीत जेमतेम काही चमचे पेट्रोल असते. ते आधी आटते आणि तळाशी पिवळट, लाखेसारखा थर धरते. वाटी उघडली की जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. मग आम्ही जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग, काढून उजेडासमोर धरतो. त्याचे भोक मुळातच सुईच्या टोकाएवढे, त्यातून उजेडाचा ठिपका दिसायला हवा. तो दिसला नाही, तर तुमचा जनरेटर का चालत नव्हता हे कळले.

घरबसल्या ओळखायची खूण सोपी आहे. चोक ओढलेला असेपर्यंत इंजिन चालते, चोक सोडला की मरते. किंवा आवाज सारखा वर-खाली होत राहतो, ज्याला आम्ही 'हंटिंग' म्हणतो. ही दोन्ही लक्षणे बहुतेक वेळा चोंदलेल्या जेटची असतात. जेटमध्ये तार खुपसू नका. भोक कणभर जरी मोठे झाले, तरी इंधनाचे प्रमाण कायमचे बिघडते.

उपाय एकच, जनरेटर महिन्यातून एकदा २ तास चालवा आणि तोही निम्म्या लोडवर. ४ किलोवॅटचा असेल तर सुमारे २ किलोवॅटचा लोड द्या. एसी लावा किंवा टाकीत पाणी आहे ना हे पाहून गिझर लावा. रिकामा चालवून भागत नाही. लोड असला की जनरेटरमधली तारेची गुंडाळी चांगली तापते, तिच्यातला ओलावा निघून जातो आणि इंजिनातला कार्बनही जळतो. सुरू केल्यावर २-३ मिनिटे लोड देऊ नका. बंद करण्याआधीही लोड काढून २-३ मिनिटे तसाच चालू द्या, म्हणजे इंजिन निवेल.

गाडी बरेच महिने उभी राहणार असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळे होऊ न देणारे औषध) घाला आणि जनरेटर दहा-पंधरा मिनिटे चालवा. नुसते टाकीत ओतून ठेवलेले औषध कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचत नाही, आणि गरज तिथेच असते.

सुरूच होत नाही

एका कुटुंबाने मुक्कामाच्या जागेवरून फोन केला. नवी बॅटरी झाली होती, नवा स्पार्क प्लग झाला होता, तरी जनरेटर एक उचकी देऊन बंद पडत होता. आम्ही विचारले, गाडीच्या टाकीत पेट्रोल किती? काटा पावाच्या खाली होता. अनेक मोटरहोममध्ये जनरेटरची नळी टाकीत मुद्दाम उंचावर संपते, म्हणजे रात्रभर वीज वापरली तरी सकाळी गाडी पंपापर्यंत जावी इतके इंधन शिल्लक राहते. पेट्रोल भरले आणि जनरेटर चालू झाला. तेव्हा आधी काटा बघा, मग बाकीचे.

त्यानंतर ऑइल. पातळी कमी झाली की जनरेटर स्वतःच बंद होतो, आणि गाडी उतारावर उभी असेल तर पुरेसे ऑइल असूनही बंद होऊ शकतो. गाडी सपाटीवर घ्या, इंजिन थांबल्यावर काही मिनिटांनी ऑइल मोजायची पट्टी पुसून पातळी पाहा. जास्त भरणेही चुकीचेच.

सेल्फ जड फिरत असेल तर बॅटरीकडे वळा. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर आधी ती साफ करा, कित्येकदा तेवढ्याने काम होते. बटणावरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर ते किती वेळा होते हे मोजून लिहून ठेवा. तो दोषाचा संकेत असतो आणि आमचा अर्धा तास वाचवतो.

चालतो, पण वीज नाही

जनरेटरच्या अंगावर त्याचा स्वतःचा ब्रेकर असतो. आतल्या पॅनलचे सगळे स्विच तपासून झालेल्या अनेकांना तो ठाऊकच नसतो. तो पाहा, एकदा पूर्ण खाली करून पुन्हा वर करा. तरीही वीज आली नाही तर तिथेच थांबा. पुढची कारणे म्हणजे गंज धरलेले स्लिप रिंग, अडकलेले ब्रश, उडालेला रेग्युलेटर किंवा फार काळ बंद राहून उतरलेले चुंबकत्व. यातले बरेचसे दुरुस्त होते, पण आतली वीज जीवघेणी असते आणि काही मॉडेलमधला कपॅसिटर इंजिन बंद केल्यावरही विद्युतभार धरून ठेवतो.

इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरच्या स्क्रूला तर हातच लावू नका. दोन ध्रुवांच्या साध्या जनरेटरमध्ये मिनिटाला ३००० फेरे झाले की ५० हर्ट्झ वीज मिळते. वेग वाढवला की फ्रिक्वेन्सी बिघडते, व्होल्टेजही चढू शकते आणि फ्रिज, चार्जर जळतात.

डोंगरात गेल्यावर एसी उचलत नाही ही तक्रार मात्र बिघाडाची नसते. दर ३०० मीटर उंचीमागे इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्के घटते. २००० मीटरवर जवळजवळ पाव ताकद गेलेली असते, आणि एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट करंट ओढतो. तिथे एका वेळी एकच मोठे उपकरण चालवा.

ऑइल, फिल्टर आणि बाकीचे

नव्या जनरेटरचे ऑइल साधारण पहिल्या २० तासांनी बदलतात, पुढे १५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला धरा. १५० तास म्हणजे ताशी ६० किलोमीटरने ९००० किलोमीटर, असा हिशेब केला की ऑइलचे महत्त्व पटते. एअर फिल्टर धुळीच्या प्रवासानंतर लगेच पाहा. कप्प्यात उंदरांचे घरटे आणि कुरतडलेल्या वायरी आम्हाला नेहमी सापडतात, म्हणून गाडी बाहेर काढण्याआधी टॉर्च मारून बघा. डिझेल जनरेटर असेल तर तो कमी लोडवर तासन्‌तास चालवू नका. न जळलेले इंधन सायलेन्सरमध्ये काळे, ओलसर साचते.

धूर: यात थोडीही सूट नको

जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो उठूही देत नाही. झोपायच्या आधी जनरेटर बंद करा, कितीही उकडत असले तरी. भिंतीलगत किंवा दुसऱ्या गाडीला चिकटून उभे असाल तर धूर परत आत येतो. वाळलेल्या गवतावर तर अजिबात चालवू नका, गवत पेट घेईल इतका सायलेन्सर तापतो. गाडीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक प्रवासाआधी बटण दाबून तपासा आणि त्याच्या मागे छापलेली मुदत वाचा, कारण सेन्सरला ठरावीक आयुष्य असते. एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा, जनरेटर बंद करा आणि डॉक्टरांकडे जा.

सायलेन्सरला चीर, सैल क्लॅम्प किंवा आवाजात फरक जाणवला तर जनरेटर वापरू नका, आधी आम्हाला दाखवा. अशा कामाला आम्ही रांग लावत नाही.

फोन करताना

मॉडेल नंबर, तासांच्या मीटरवरचा आकडा, शेवटचा कधी चालवला होता आणि नेमके काय होते एवढे सांगा. बंद पडण्याआधीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केलेला असेल तर जरूर ऐकवा. गाडी आणताना टाकी पावाच्या वर भरलेली असू द्या, आणि सुटे केलेले भाग, अगदी जुना प्लगसुद्धा, एका पिशवीत घालून आणा. प्लगच्या टोकाचा रंग पाहून आत काय चालले होते ते आम्हाला कळते.