बी भिजवा, पण त्यातच मोड आणू नका
(नॅनो झिंक ऑक्साइड, म्हणजे झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असलेलं आमचं बाटलीतलं द्रव, वापरणाऱ्या ग्राहकांसाठी)

"बी उगवलं, पण रोप पुढे सरकेना. बाटली खराब आली का?" असा फोन आला की आम्ही आता एकच विचारतो: बी द्रावणातून बाहेर कधी काढलं? बहुतेक वेळा उत्तर येतं, "काढलं नाही, मोड येईपर्यंत त्यातच ठेवलं."

बाटली खराब नसते, घोळ इथे होतो.

बीजप्रक्रियेचं, म्हणजे पेरणीआधी बी द्रावणात भिजवण्याचं, आमचं प्रमाण लिटरभर पाण्याला 5 मिली, म्हणजे 500 पीपीएम (लिटरला 500 मिलिग्रॅम झिंक ऑक्साइड). आणि वेळ फक्त 2 तास. या वेळात बियाचं कवच शाबूत असतं, आतल्या अंकुराला ते सांभाळतं. कवच फुटून मुळाचं टोक बाहेर आलं की मात्र ते उघडं पडतं. झिंक ऑक्साइडचे कण त्याला चिकटतात, त्यांतून झिंकचे आयन (पाण्यात विरघळलेलं झिंक) सुटतात, आणि टोकाच्या कोवळ्या पेशी सुकून आक्रसतात. बी "उगवलं" असं दिसतं, कारण कवच फुटलेलं असतं. मूळ तिथेच अडलेलं असतं.

एकदा स्वतः करून बघा. दहा बिया साध्या पाण्याच्या ओल्या कागदावर ठेवा, दहा द्रावणाच्या. पहिल्या कागदावर मूळ लांब, पांढरं, आणि त्यावर कापसासारखी बारीक लव. (ही लव म्हणजे बुरशी नव्हे, मूळकेश आहेत. घासून काढू नका, तसं करणारेही भेटलेत.) दुसऱ्या कागदावर मूळ आखूड, टोकाशी तपकिरी, लव जवळजवळ नाहीच.

हे आमच्या मनचं नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नॅनो झिंक ऑक्साइडने मुळ्याच्या मुळांची वाढ सुमारे 50 पीपीएमला निम्म्यावर आली, रायगवत या गवताची तर 20 च्या आसपासच. आणि तेव्हाही नुकसान बी भिजताना नव्हे, नंतर त्याच द्रावणात मूळ वाढताना झालं. उलट 2012 च्या भुईमुगावरच्या प्रयोगात 1000 पीपीएमच्या बीजप्रक्रियेने उगवण आणि रोपांचा जोम वाढला, 2000 ला मात्र उलटा परिणाम दिसला. हा 1000 चा आकडा ग्राहक आम्हालाच ऐकवतात. आकडा बरोबर आहे, पण तो बी भिजवण्याचा आहे, मूळ वाढवण्याचा नाही.

तेव्हा 2 तास झाले की बी उपसा, साध्या पाण्याने एकदा धुवा आणि साध्या पाण्याच्याच ओलाव्यावर ठेवा. बीजप्रक्रियेच्या पॅकमध्ये जाळीची पिशवी देतो ती यासाठीच. बी तिच्यात बांधून बुडवलं की एका झटक्यात बाहेर निघतं. काहींना ती पिशवी म्हणजे उगाचची सजावट वाटते.

दुसरी गोष्ट बाटली हलवण्याची. झिंक ऑक्साइड पाण्याच्या पाचपटीहून जड, ते तळाशी बसणारच. न हलवता वापरलं तर सुरुवातीचं माप पातळ पडतं आणि तळातलं भलतंच घट्ट. फवारताना शेवटच्या पंपाला पानं करपली, अशी तक्रार त्यातूनच येते. झाकणाने मोजू नका, खोक्यात मापाचा कप आहे.

"याहून कडक बाटली काढा" अशी मागणी असते. काढणार नाही. मापात थोडी चूक झाली तरी पीक वाचावं म्हणून आम्ही ती लिटरला 100 ग्रॅम झिंक ऑक्साइडवरच ठेवली आहे. कॉपर ऑक्साइडही बीजप्रक्रियेसाठी देत नाही, त्यात तर चुकायला फारच कमी जागा आहे. थोडंच बी असेल तर 50 मिलीचा पॅक घ्या, मोठी बाटली उघडून ठेवण्यात काही फायदा नाही. उरलेलं द्रावण तळ्यात किंवा नाल्यात ओतू नका, शेवाळ आणि पाण्यातल्या बारीक जिवांना ते फार घातक आहे.

तरीही रोप अडलंच, तर पुन्हा फवारण्याआधी थांबा. झिंक जास्त झालं की कोवळी पानं शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडतात, अगदी लोहाची कमतरता असल्यासारखी. लोक ती झिंकची कमतरता समजून आणखी एक फवारणी देतात. पानाच्या फोटोवरून आम्हालाही नक्की सांगता येत नाही. एक रोप अलगद उपटा, मूळ धुवा, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि त्याचा फोटो पाठवा.