कार्ताझ

हिंदी महासागरात व्यापार करणाऱ्या आशियाई जहाजांवर पोर्तुगीजांनी लादलेला नौकानयनाचा परवाना. यूरोपीय सत्तांनी आशियातील मुलूख जिंकण्यापूर्वी समुद्रावर हक्क सांगितला. कार्ताझ हे त्या हक्काचे पहिले कागदोपत्री साधन.

या पद्धतीचा आरंभ सामान्यतः १५०२ मध्ये, वास्को द गामाच्या दुसऱ्या सफरीत, धरला जातो. त्या वेळी कण्णूर, कोची अशा मित्रबंदरांच्या जहाजांना ओळखपत्रे मिळाली. मात्र ती शत्रू-मित्र ओळखण्यापुरती होती. सक्तीची, महसूल देणारी व्यवस्था पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द अल्बुकर्कच्या कारकिर्दीत (१५०९–१५) व त्यानंतर आकारास आली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

या प्रथेला देशी पूर्वपीठिका होती काय, हा वादाचा विषय आहे. ठाण्याच्या राजाचे चाच्यांशी संधान असून लुटीतील घोडे त्याच्याकडे जात, असे मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस नोंदविले आहे. काकतीय राजा गणपतिदेवाच्या मोटुपल्ली येथील शिलालेखात (सु. १२४४) वादळाने किनाऱ्याला लागलेल्या जहाजांवरील माल राजे हिरावून घेत, असा उल्लेख असून गणपतिदेवाने तसे न करण्याचे अभय दिले आहे. यावरून पोर्तुगीजांनी जुनीच रीत उचलली, असा एक पक्ष आहे. परंतु हे सर्व दावे बंदर व किनारा यांपुरते होते. भर समुद्रातील वाटेवर एकाच राजाचे स्वामित्व सांगणे ही नवी गोष्ट होती. समुद्र सर्वांना खुला असला, तरी ख्रिस्ती धर्माबाहेरील लोकांना तो हक्क लागू नाही, असे तिचे समर्थन पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश याने केले.

परवान्यात नाखुद्याचे (जहाजाच्या कप्तानाचे) नाव, जहाजाचा आकार, शस्त्रे, माल व गंतव्य बंदर लिहिले जाई. मिरी व युद्धसाहित्य नेण्यास बंदी असे. परवान्याची फी किरकोळ होती. खरा लाभ जकातीचा, कारण दीव, गोवा किंवा होर्मुझ येथील ठाण्याला जहाज लावणे बंधनकारक असे. परवाना नसल्यास जहाज व माल जप्त होई.

मोगलांनाही यातून सुटका नव्हती. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली असता १५७५-७६ मध्ये परवान्यापायी सुरतेस खोळंबली. परवान्यावर मेरी व येशू यांची चित्रे असल्याने समुद्रमार्गे हज करणे बंधनकारक उरत नाही, असा दरबारातील धर्मशास्त्री मखदूम-उल-मुल्क याचा फतवा अकबरकालीन इतिहासकार बदायुनीने नमूद केला आहे. बदायुनीचे मखदूमशी सख्य नव्हते, हे तो वाचताना ध्यानात ठेवावे. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ हे जहाज कार्ताझ असूनही पोर्तुगीजांनी पकडले. त्यावर जहांगीरने पोर्तुगीजांच्या दमणला वेढा घालविला.

होर्मुझ (१६२२) व मलाक्का (१६४१) हातची गेल्यावर कार्ताझचा धाक ओसरला. डच व इंग्रज कंपन्या आपापले परवाने देऊ लागल्या. कोकण किनाऱ्यावर मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांनी दस्तकाचा (स्वतःच्या परवान्याचा) आग्रह धरला व दस्तक नसलेली जहाजे धरली. इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटले, जरी परवाना मागण्याची त्यांची रीत यूरोपीयांहून तत्त्वतः वेगळी नव्हती. मराठे-पोर्तुगीज व्यवहारातील या बाजूची कागदपत्रे इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांच्या संकलनांत आढळतात.