अर्धसमास पत्र ते जोखीम अहवाल: अंतर्गत लेखापरीक्षण अहवालाची पार्श्वभूमी

अंतर्गत लेखापरीक्षणाचा, म्हणजे संस्थेने स्वतःच्या कारभाराच्या करवून घेतलेल्या तपासणीचा, अहवाल सुबोध आणि नेमका असावा, ही अपेक्षा आज कोणी नाकारत नाही. परंतु ती या व्यवसायात बरीच उशिरा आली. आपल्याकडे अहवाललेखनाची घडी बसली ती सरकारी हिशेबतपासणीच्या परंपरेत. 1860 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात महालेखापरीक्षकाचे पद निर्माण झाले आणि पुढे खातेनिहाय तपासणीची जी पद्धत रुळली, तिचे वैशिष्ट्यपूर्ण साधन म्हणजे अर्धसमास पत्र. कागदाच्या अर्ध्या भागात लेखापरीक्षकाने शंका लिहायची आणि उरलेल्या अर्ध्या भागात कार्यालयाने खुलासा द्यायचा. खुलासा समाधानकारक नसेल, तर तो मुद्दा आक्षेप म्हणून अहवालात जाई आणि पूर्तता होईपर्यंत वर्षानुवर्षे तेथेच राही.

या पद्धतीत शिस्त होती, हे मान्य करायला हवे. परंतु तिच्यात प्रत्येक आक्षेप सारख्याच वजनाचा ठरे. पावतीवर सही नसणे आणि मालाची आवकच नसणे या दोन बाबी एकाखाली एक, क्रमांक देऊन मांडल्या जात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधील लेखापरीक्षण हे वैधानिक, म्हणजे कायद्याने ठरवून दिलेले बाहेरच्या लेखापरीक्षकाचे असले, अंतर्गत नसले, तरी त्याने राज्यातील हजारो संस्थांच्या सेवकवर्गाला अहवाल म्हणजे दोषांची यादी आणि उत्तर म्हणजे ‘ओ’ नमुन्यातील दोषदुरुस्ती अहवाल, हीच सवय लावली. कंपन्यांतील आणि बँकांतील अंतर्गत तपासनीसही याच वातावरणात तयार झाले. ‘आढळून आले नाही’, ‘खुलासा व्हावा’, ‘दक्षता घ्यावी’ ही कर्ता नसलेली वाक्यरचना लिहिणाऱ्याला सुरक्षित ठेवते. काय करायचे आणि कोणी करायचे, हे मात्र वाचणाऱ्याला कळत नाही.

अमेरिकेत हा व्यवसाय वेगळ्या वाटेने गेला. 1941 मध्ये न्यूयॉर्क येथे अंतर्गत लेखापरीक्षकांची संस्था स्थापन झाली आणि तिच्या 1947 च्या, अंतर्गत लेखापरीक्षकाच्या जबाबदारीविषयीच्या निवेदनानंतर या कामाकडे व्यवस्थापनाला दिलेली सेवा म्हणून पाहिले जाऊ लागले. सेवा म्हटली की ती घेणाऱ्याला समजली पाहिजे, हे ओघाने आले. त्या देशाच्या सरकारी लेखापरीक्षणाची मानके 1972 मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्या परंपरेतून निष्कर्ष मांडण्याची चौकट रूढ झाली: निकष काय होता, प्रत्यक्षात काय आढळले, असे का झाले आणि त्याचा परिणाम काय. पुढे तिला शिफारशीची जोड मिळाली. या चौकटीतील ‘का’ हा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि माझ्या मते आजही आपल्या अहवालांत तोच सर्वाधिक वेळा अनुत्तरित राहतो. कारण त्याच्या उत्तरासाठी कागदपत्रांपलीकडे जाऊन माणसांशी बोलावे लागते.

भारतात अंतर्गत लेखापरीक्षणाला बळ मिळाले ते कायद्याने आणि बहुधा घोटाळ्यांनंतर. कंपन्यांच्या लेखापरीक्षक अहवालाविषयीच्या केंद्र सरकारच्या 1975 च्या आदेशाने ठरावीक आकारापुढील कंपन्यांत अशी व्यवस्था व्यवसायाला साजेशी आहे की नाही, यावर वैधानिक लेखापरीक्षकाने अभिप्राय देणे बंधनकारक झाले. त्यामुळे अनेक ठिकाणी अहवाल सादर होऊ लागले. ते वाचले जात होते की नाही, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. 1992 च्या मुंबईतील रोखे घोटाळ्याच्या पार्श्वभूमीवर बँकांत समवर्ती लेखापरीक्षण, म्हणजे बोलीभाषेतील कंकरंट ऑडिट, सुरू झाले. व्यवहार घडल्यावर लगेच तो तपासायचा असल्याने येथे छापील तक्ते आणि ‘होय-नाही’चे रकाने यांचे राज्य आले. सातत्यासाठी ते उपयोगी ठरले, पण शाखेचे एकंदर चित्र त्यातून उभे राहत नसे.

खरा बदल वाचक बदलल्यामुळे झाला. 2000 मध्ये भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीने कंपन्या आणि शेअर बाजार यांच्यातील नोंदणी करारात घातलेले कलम 49 आणि कंपनी कायद्यातील दुरुस्ती यांमुळे संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समित्या अस्तित्वात आल्या. मोजक्या बैठकांत अनेक विभागांचे अहवाल पाहणाऱ्या संचालकांना शंभर पानांचा गठ्ठा निरुपयोगी होता. आरंभी दोन पानांचा सारांश, आक्षेपांची उच्च, मध्यम, कमी अशी प्रतवारी, जबाबदार अधिकारी आणि मुदत या गोष्टी त्यांच्या गरजेतून आल्या. डिसेंबर 2002 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना जोखीमाधारित अंतर्गत लेखापरीक्षणाकडे, म्हणजे जेथे धोका अधिक तेथे अधिक तपासणी करण्याकडे, वळण्याचे मार्गदर्शन केले. सत्यम या संगणक कंपनीतील हिशेबांच्या फेरफाराचे प्रकरण 2009 मध्ये उघड झाले आणि त्यानंतर आलेल्या कंपनी कायदा, 2013 च्या कलम 138 ने ठरावीक वर्गातील कंपन्यांना अंतर्गत लेखापरीक्षक नेमणे सक्तीचे केले. लेखापरीक्षक अहवालाविषयीच्या 2020 च्या आदेशाने तर वैधानिक लेखापरीक्षकाने हे अहवाल विचारात घेतले का, हेही सांगणे आवश्यक केले. अहवालाला असा आणखी एक चिकित्सक वाचक मिळाला.

2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने 500 कोटी रुपये व त्याहून अधिक मालमत्तेच्या नागरी सहकारी बँकांनाही जोखीमाधारित पद्धत लागू केली आणि त्यासाठी 31 मार्च 2022 ची मुदत दिली. महाराष्ट्रातील अनेक नागरी बँका या कक्षेत आल्या. ज्या सेवकांनी उमेदवारीपासून दोषदुरुस्तीचे रकाने भरले, त्यांच्याकडूनच आता कारणमीमांसा आणि प्रतवारी यांची अपेक्षा केली जाते. जानेवारी 2025 पासून लागू झालेली अंतर्गत लेखापरीक्षणाची आंतरराष्ट्रीय मानकेही अहवाल अचूक, निःपक्षपाती, स्पष्ट, संक्षिप्त, विधायक, पूर्ण आणि वेळेवर असावा, असे सांगतात. यांपैकी ‘विधायक’ हा गुण अर्धसमास पत्राच्या परंपरेला सर्वांत अपरिचित आहे.